कोळवणचा ळ



या शाळेतून मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी मुख्याध्यापक सरांना विचारलं, "नक्की मलाच ना?" स्नेहसंमेलनाला कलेक्टर बोलावतात, उद्योजक बोलावतात, एखादा मालिकेतला नट मिळाला तर विचारूच नका. मी आहे मुद्रितशोधक, म्हणजे रोजच्या मराठीत प्रूफरीडर. तीस वर्षं पुण्यात प्रुफं तपासतेय. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर त्याचेच पैसे घ्यायचे, असा धंदा. तुमच्या निमंत्रणपत्रिकेतसुद्धा दोन सापडल्या. कुठल्या ते सांगणार नाही, शोधा.

पण सर म्हणाले, "तुमचं आजोळ इथलं, त्यामुळे तुम्हीच हव्यात." ते खरं आहे. पौडपर्यंत एसटी आणि पुढे जे मिळेल ते, असं करत मी दर मे महिन्यात कोळवण खोऱ्यात येत असे. सरांनी विषय दिला डिजिटल माध्यमं आणि तरुण मुलं. जाता जाता हळूच म्हणाले, "फोन कमी वापरा, एवढं तरी सांगा." सर, माफ करा, ते मी सांगणार नाही. काल रात्री साडेअकरापर्यंत मी स्वतः एका बाईला पुरणपोळ्या लाटताना बघत बसले होते. मला पुरणपोळी करायची नव्हती.

'असर' नावाचा एक मोठा पाहणी अहवाल आहे, गावोगावच्या मुलांचा. 2024 च्या अहवालात 14 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. शंभरात ब्याऐंशी जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी मागच्या आठवडाभरात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारे 76 टक्के. मोठी माणसं हे दोन आकडे शेजारी ठेवून सुस्कारे टाकतात. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या वेळी अभ्यास आणि चांदोबा यांचं प्रमाण काढलं असतं तर याहून वाईट आलं असतं. मला टोचला तो वेगळा आकडा. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 36 टक्के, मुली 27. म्हणजे फोन घरात आला, पण तो कुणाच्या खिशात जातो ते ठरलेलंच आहे. पालकांनो, हे तुम्हाला. मुलीच्या हातात फोन दिसला की "कुणाशी बोलतेस?" आणि मुलाच्या हातात दिसला की काहीच नाही, हे बंद करा.

आता मुलांशी. येताना मी गाडीत फोनवर नकाशा लावला होता. भाषा मराठी. बाई बोलत होती, वळा म्हणत होती, आणि पडद्यावर गावाचं नाव आलं: कोलवन. मी चालकाला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि नीट बघितलं. कोळवणचं कोलवन! ळ पण गेला आणि ण पण गेला. हे कसं होतं ते तुम्हाला कळेल. कुणीतरी कधीतरी इंग्रजीत नाव टाकलं. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. मग यंत्राने ते इंग्रजी उचललं आणि परत मराठीत केलं. जाताना नाव ळ घेऊन गेलं होतं, येताना ल घेऊन आलं. हिंजवडीजवळच्या माणचं असंच मान होतं. माणची माणसं मान वर करून बघतात, पण दुरुस्त कुणी करत नाही.

त्या नकाशात 'दुरुस्ती सुचवा' असं एक बटण असतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते कधी दाबलंय? ... एक हात. दोन. बरं. आणि ताम्हिणीच्या धबधब्याखाली रील काढलेले किती? बघा, सगळं सभागृह.

रील काढू नका असं मी म्हणत नाहीये. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी निम्मं पुणं ताम्हिणीत तेच करायला येतं. ते जे करतात तेच तुम्ही केलंत, तर तुम्ही इथे राहता याचा उपयोग काय झाला? त्यांना धबधबा माहीत आहे. त्या ओढ्याला तुमच्या आजीच्या तोंडी काय नाव आहे, ते त्यांना माहीत नाही.

माझीच एक फजिती सांगते. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे आणि त्यात कुणालाही लिहिता येतं. काही वर्षांपूर्वी मलाही हुक्की आली. आजोळच्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ठोकून दिलं की शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला होता. मामा सांगायचा ना! तीन दिवसांनी बघते तर माझ्या वाक्याला शेपूट लागलेलं: [संदर्भ हवा]. माझा पारा चढला. तीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांना शेपटं लावतेय, आणि हा कोण मला लावणारा? चर्चेच्या पानावर जाऊन भांडले. समोरचा निघाला विदर्भातला, कॉलेजात शिकणारा मुलगा. अतिशय नम्रपणे लिहीत होता, त्यामुळे आणखीच राग येत होता. "ताई, मामांना कुठून कळलं तेवढं विचाराल का?"

विचारलं. मामा म्हणाला, "मला माझ्या बापानं सांगितलं." मग मी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसले, एक दिवस नाही, चांगले चार दिवस. पुष्कळ काही सापडलं, मुक्काम सापडला नाही. शेवटी मीच ते वाक्य काढलं. माझ्या पन्नाशीत एका पोराने मला इतिहास म्हणजे काय ते शिकवलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. बघत बसून हे झालं नसतं. मी काहीतरी लिहिलं, ते चुकलं, आणि कुणीतरी ते वाचत होतं, म्हणून झालं.

आता जे माझ्याकडून नोंदवायचंच राहून गेलं, त्या जात्यावरच्या ओवीबद्दल थोडं बोलते. पुढच्या रांगेतल्या आज्यांना माहीत आहे. मुलांनी जातं बहुतेक लग्नाच्या हळदीतच पाहिलेलं असेल. माझी आजी आणि मोठी मामी पहाटे समोरासमोर बसायच्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. आजी मुठीने घास टाकायची आणि ओवी म्हणायची. मामी तिच्या मागून ओढायची. मी गोधडीत पडून ऐकायचे आणि परत झोपायचे. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि ओवी थांबली. आजीने गाणं सोडलं असं कुणाला वाटलंच नाही. दळण गिरणीत जातंय एवढंच वाटलं. आजी गेली. तिचा आवाज माझ्याकडे नाही. एक कॅसेट भरायला काय लागलं असतं? पण सुचलंच नाही.

ज्यांना सुचलं त्यांची नावं तुम्हाला माहीत असायला हवीत. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ. हे दोघं इथल्या डोंगरातल्या बायकांबरोबर गरीब डोंगरी संघटनेत काम करत होते. 1980 च्या दशकात त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली, ती तुमच्याच मुळशी तालुक्यातून. संघटनेच्या कार्यकर्त्या बायकाच गावोगाव फिरल्या. पुढे हे काम महाराष्ट्रात हजाराहून जास्त गावांत पोचलं आणि ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. बर्नार बेल नावाच्या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या फ्रेंच अभ्यासकाने 1990 च्या दशकात 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं आणि या सगळ्या ओव्यांची संगणकावर मांडणी केली. त्या वेळी पुण्यातसुद्धा संगणक म्हणजे चपला बाहेर काढून आत जायची खोली होती. 2017 पासून या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संग्रहालय, ते हे. तिथे ओवी ऐकू येते, वाचता येते, आणि गाणारणीचं नाव, गाव, तालुका खाली लिहिलेलं असतं. सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे, भाऊ-बहीण आहेत, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत.

मी ते पहिल्यांदा ऐकलं बसमध्ये, कानात वायर घालून. आवाज परक्या बाईचा होता. चाल माझ्या आजीची. माझा स्टॉप मागे गेला.

प्रूफरीडर म्हणून मी तिथे आणखी एक गोष्ट पाहिली. त्या ओव्या लिहून काढणाऱ्यांनी भाषा 'सुधारली' नाही. बाई 'न्हाई' म्हणाली तर 'न्हाई'च लिहिलं. मला तीस वर्षांची सवय, हात शिवशिवत होता 'नाही' करायला. पण तिथे तेच बरोबर होतं. कोळवणचा ळ चुकला तर दुरुस्त करायचा, आणि आजीचा 'न्हाई' मात्र सुखरूप ठेवायचा. हा फरक पुण्यात बसलेल्या माणसाला कळेलच असं नाही. यंत्राला तर नाहीच नाही. तो तुम्हाला कळतो, कारण घरी तुम्ही एक मराठी बोलता आणि पेपरात दुसरी लिहिता.

यंत्रांना आता मराठी बोललेलं कळायला लागलंय. पण कुणाची मराठी? ज्यांनी आवाज दिला त्यांची. मॉझिलाचा कॉमन व्हॉइस नावाचा प्रकल्प आहे, त्यात मराठी आहे. पडद्यावर वाक्य येतं, तुम्ही वाचता, दुसरं कुणीतरी ते ऐकून बरोबर की चूक ते सांगतं. घरच्यांची परवानगी घेऊन दहा वाक्यं वाचा. मावळातला हेल त्यात आला नाही, तर उद्या ते यंत्र तुमच्या आईला म्हणेल, "कृपया पुन्हा बोला."

आणि एक काम खास तुमच्यासाठी आहे. 16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी इथे मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला. त्या सत्याग्रहातल्या सेनापती बापटांचं नाव तुमच्या पुस्तकात आहे. वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली गेली. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा भरपूर लिहिलं. प्राध्यापक राजेंद्र व्होरांनी पुढे त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. पण जी बाई चूल सोडून, पोरं आणि भांडी घेऊन वरच्या अंगाला चढली, तिने काय पाहिलं? तिची नात आज ऐंशीची असेल. तुमच्यातल्या कुणाची तरी ती पणजी असेल. तिला आईने, आजीने काहीतरी सांगितलेलं असणार.

तिच्यासमोर फोन ठेवा. आधी विचारा, "आजी, तुझा आवाज ठेवू का?" नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख तिलाच बोलू द्या. मध्ये बोलू नका, ती थांबली तरी. आपण फार लवकर बोलतो. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नव्हे. आणि मामाच्या मुक्कामासारखं काही ती सांगेल, तेव्हा तेही लिहा, फक्त 'आजीने सांगितलं' असं लिहा. तो विदर्भातला मुलगा खूश होईल.

सर घड्याळाकडे बघताहेत आणि पडद्यामागे कुणाचं तरी मुंडासं सुटलंय, इथून दिसतंय मला. एवढंच सांगते आणि बसते: सकाळी गाडी बाजूला घेतली तेव्हा दुरुस्तीचं ते बटण माझ्यासमोरच होतं. मी दाबलं नाही. आत्ता या क्षणी नकाशावर तुमचं कोळवण कोलवनच आहे. नाच झाले, जेवणं झाली की कुणीतरी एकीने घरचा फोन मागून घ्या.