हळू आवाजातली गाणी

आम्ही भिंगारच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज हप्ता नाही, व्याज नाही. आज बोलायचंय ते आपल्या लहानपणच्या भावगीतांबद्दल.

भिंगार म्हणजे लष्कराच्या छावणीचं गाव. विविध भारतीवर फौजी भावांसाठी 'जयमाला' लागायची, ती इथं कान देऊन ऐकली जाई. पण रेडिओवर शांत मराठी गाणं सुरू झालं, की चुलीपुढं बसलेली आईसुद्धा गुणगुणायला लागायची. एरवी तिचा आवाज ऐकू यायचा तो आम्हाला हाका मारताना!

ही गाणी इतकी हळू कशी, त्यालाही कारण आहे. पूर्वी नाटकातल्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. मायक्रोफोन आला आणि कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. गजाननराव वाटवे, मालती पांडे, माणिक वर्मा अशी मंडळी रेडिओतून घरात आली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६. पुढं 'शुक्रतारा' आलं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आणि गायलं अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी. सुधाताईंची मातृभाषा मराठी नाही, हे ऐकून पटतं का?

आम्हाला वाटतं, बायांना ही गाणी लागली त्याचं कारण निराळं आहे. गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीही गेली. मनातलं गाऊन बोलायची जागाच उरली नाही. ती थोडीफार या गाण्यांनी भरून काढली. डीजेच्या दणदणाटात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. भावगीतात तो हळूच मिसळता येतो.

तेव्हा गाणं मागं नेऊन पुन्हा ऐकायची सोय नव्हती. वही-पेन्सिल घेऊन बसायचं. आज धृपद, परत लागेल तेव्हा एखादं कडवं. लग्न झालं, वही माहेरी राहिली आणि कधीतरी रद्दीत गेली. सासरी सुनेनं गाणं म्हणायची रीतच नव्हती.

परवा बैठक संपल्यावर आमच्यातल्या सत्तरीच्या एका मावशींनी सहज एक गाणं धरलं. पहिल्या कडव्यापाशी अडल्या. दुसरं दुसरीनं उचललं. मावशी म्हणाल्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा चारचौघीत गायले गं." कुणालाच घरी जायची घाई राहिली नाही.

तेव्हापासून हिशेबाच्या वहीची मागची पानं गाण्यांना दिलीत. नातवंडं म्हणतात, मोबाईलवर सगळं मिळतं. मिळतं की! पण आमचा नियम असा, की आधी आठवेल तेवढं लिहायचं आणि मोबाईल नंतर काढायचा. आतापर्यंत अकरा गाणी झाली. मावशींच्या त्या गाण्याचं तिसरं कडवं मात्र अजून अडलंय. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या सासूबाईंना विचारून या.