पद्मिनीचे सुकाणू

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकालीन दुर्ग अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. आम्ही आज एका जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगविषयी बोलणार आहोत. विषय सांगताना आम्हांला स्वतःलाच संकोच वाटत होता. परंतु चिटणीस म्हणाले, "तुमची गाडी बंद पडली की अर्धे मंडळ ती ढकलते. तेव्हा तिच्याविषयी ऐकण्याचा अधिकार सर्वांनाच आहे." हा युक्तिवाद बिनतोड होता.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८३ सालची. फियाट ११०० या इटालियन गाडीचा हा भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. या शतकाच्या आरंभी त्यांचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरात, तीही रस्त्यावरून उतरली. आमचे वडील, ज्यांना आपण सारे अण्णा म्हणून ओळखता, १९६५ साली हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनच्या नोकरीसाठी साताऱ्याहून रांचीस आले. गाडी त्यांच्यामागून १८ वर्षांनी कुर्ल्याहून आली. ती मिळण्यासाठी नंबर लावून किती काळ वाट पाहावी लागली, हे त्या पिढीतील श्रोत्यांना सांगावयास नको.

२०१८ च्या दिवाळीनंतर गाडीत एक दोष जाणवू लागला. स्टिअरिंगचे चाक दोन-अडीच इंच फिरवावे तेव्हा कोठे पुढची चाके हलत. सरळ रस्त्यावरही गाडी भरकटे आणि तिला सारखे सावरावे लागे. जुन्या गाडीत थोडा सैलपणा असावयाचाच, अशी आम्ही मनाची समजूत घातली. अण्णांनी वयोमानामुळे गाडी चालविणे सोडले होते. ते आमच्या डावीकडे बसत. एके दिवशी ते म्हणाले, "माझ्या पायाखाली काहीतरी टकटक वाजतंय. खड्डा आला की वाजतं." आम्ही म्हणालो, "अण्णा, पस्तीस वर्षांची गाडी आहे, वाजायचीच." त्यावर ते पुन्हा काही बोलले नाहीत.

अखेरीस गाडी एका गॅरेजात नेली. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील कारागिराने स्टिअरिंग उजवी-डावीकडे हलवून पाहिले आणि उभ्या उभ्या निकाल दिला की, बॉक्स झिजला आहे. नवा मिळणे कठीण, सबब आहे तोच आवळून देतो. पाव तासात काम झाले. चाक हातास घट्ट लागू लागले. घट्ट म्हणजे दुरुस्त, असे समजून आम्ही पैसे दिले आणि घरी आलो.

येथे थोडी यंत्ररचना सांगणे भाग आहे; कंटाळा आल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकास मळसूत्रासारखे आटे असलेला एक भाग असतो, त्यास वर्म म्हणतात. त्याच्या आट्यांत दुसऱ्या एका भागाचे दात अडकलेले असतात. चाकाचे गोल फिरणे त्यांच्या योगे एका आर्मच्या झोक्यात बदलते. हा सारा संसार तेल घातलेल्या एका पेटीत मांडलेला असतो. तोच स्टिअरिंग बॉक्स. तो चालकाच्या बाजूस, म्हणजे उजवीकडे. बॉक्सच्या आर्मपासून एक लांब रॉड गाडीच्या रुंदीभर डावीकडे जातो आणि तेथे तशाच दुसऱ्या आर्मला जोडलेला असतो. या डाव्या आर्मचे नाव आयडलर. इंग्रजीत त्याचा अर्थ आळशी असा होतो, आणि तो स्वतः होऊन काही करीत नाही हे खरे. उजवा झुलला की हा झुलतो. पण डाव्या चाकाकडे जाणारा टाय रॉड याच्याच आधारावर चालतो. हा आळशी जागेवरून ढळला, तर डावे चाक कोणाचे ऐकेनासे होते.

आता वर्मविषयी. मनुष्य बहुतेक काळ गाडी सरळच चालवितो. त्यामुळे वर्मचे आटे मधल्या भागात अधिक झिजतात, दोन्ही कडांना कमी. मधला सैलपणा पार नाहीसा होईपर्यंत दात जवळ आणले, तर सरळ जाताना चाक ठीक लागते. पण वळविले की न झिजलेल्या आट्यांत दात आवळून बसतात. शिवाय वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत असते, ते पुढच्या चाकांच्या खुंटांना दिलेल्या तिरपेपणामुळे. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांच्या हे ध्यानात येईल. परंतु बॉक्समधील दातच आवळले असतील, तर ही ओढ चाकापर्यंत पोहोचतच नाही.

हे सारे ज्ञान आम्हांस नंतर झाले. २०१९ च्या जानेवारीत आम्ही रजरप्पास छिन्नमस्तिकेच्या दर्शनाला निघालो. डावीकडे अण्णा, मागे सौ. आणि धाकट्या बंधूंची आठ वर्षांची मुलगी. रांचीहून रामगढला जाताना चुटूपालूचा घाट उतरावा लागतो. ट्रकांची रांग तेथे कधी तुटत नाही. एका डाव्या वळणावर आम्ही स्टिअरिंग पाव फेरा घेतले. वळण सरले, सवयीने हात सैल केले, आणि चाक होते तेथेच राहिले. रस्ता सरळ झाला तरी गाडी डावीकडे वळतच होती. समोर गटार, त्यापलीकडे डोंगराची कड. दोन्ही हातांनी जोर लावून ओढले तेव्हा चाक एकदम सुटले आणि गाडी उजवीकडे फेकली गेली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला तो अजून आमच्या कानांत आहे. ब्रेक दाबीत दाबीत कशीबशी गाडी कडेस आणून उभी केली. मागून मुलीने विचारले, "काका, देऊळ आलं?" अण्णा एवढेच म्हणाले, "उतरा सगळे. आधी चाकांना दगड लावा."

गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून रांचीस आणली. त्या रात्री धाकटे बंधू प्रथमच आमच्याशी आवाज चढवून बोलले. "दादा, ती गाडी भंगारात द्या. माझी मुलगी होती आत." त्यांचे काहीच चूक नव्हते. आम्ही निरुत्तर झालो. बराच वेळ गेल्यावर अण्णा म्हणाले, "द्यायची तर द्या. पण काय झालं ते आधी कळू द्या."

रांचीत जुन्या फियाट गाड्यांचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी बॉक्सला हातच लावला नाही. गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी ठेवली, आम्हांला आत बसविले, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग केवळ चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे असे हलवीत राहण्यास सांगितले. स्वतः चटई टाकून खाली शिरले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवीत गेले. त्यांची रीत अशी की, सांध्याच्या एका बाजूने हालचाल आत शिरते. दुसऱ्या बाजूने ती तेवढीच बाहेर पडते की नाही, हे हातास कळते. जेथे ती गडप होते, तेथे दोष. बॉक्सपाशी थोडी गडप होत होती, वयाला शोभेल इतकीच. उजव्या टाय रॉडपाशी काही नाही. मधल्या रॉडपाशी काही नाही. बाहेर स्टुलावर बसलेले अण्णा म्हणाले, "उस्ताद, बायीं तरफ देखिए. वहीं बोलता है."

उस्तादांचा हात आयडलरवर गेला आणि तेथेच थांबला. त्यांनी आम्हांस खाली बोलावले आणि स्वतःच्या मुलास स्टिअरिंगवर बसविले. विजेरीच्या उजेडात आम्ही जे पाहिले ते असे: आर्मने आडवे झुलावयाचे, तो आधी मान डोलवावी तसा खाली-वर होत होता आणि मग आडवा जात होता. अडीच इंच तेथे हरवत होते. म्हणजे दोष डावीकडे, अण्णांच्या पायांखाली. औषध दिले ते उजवीकडच्या बॉक्सला. एका रोगाचे दोन झाले. वर मान करून अण्णांकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस काही वेळ झाले नाही.

पुढची तपासणी जलद झाली. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले. चाक वर आणि खाली धरून हलविले की खुंटांची व बेअरिंगची परीक्षा होते, दोन्ही बगलांना धरून हलविले की टाय रॉडच्या सांध्यांची. ते सारे शाबूत होते. डावा टायर आतल्या कडेने खरवडल्यासारखा झिजला होता. तो महिनोन्महिने डोळ्यांपुढे होता. आम्ही त्यात हवा तेवढी भरीत आलो.

आयडलर उतरविल्यावर अण्णांनी घरून आपला मायक्रोमीटर मागविला. मशीन शॉपमधील त्यांच्या नोकरीची ती एकच खूण त्यांनी जपली आहे. त्यांनी खुंटी पुसली, चार ठिकाणी मापली आणि कागदावर आकडे लिहिले. एका अंगाने ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाल्ली गेली होती. नुसता नवा बुश बसविला असता तर लंबगोल खुंटीवर तो चार महिन्यांत पुन्हा सैल झाला असता. उस्तादांच्या मुलाने सुचविले की, खुंटीवर वेल्डिंगचा थर देऊन ती लेथवर गोल करावी. उस्ताद आणि अण्णा दोघेही एकदमच "नाही" म्हणाले. वेल्डिंगच्या आचेने लगतचे पोलाद ठिसूळ होऊ शकते. मग ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. आयडलर ज्या पत्र्यावर बोल्टांनी बसविलेला असतो त्याला मात्र बारीक तडा गेला होता. तेथे आतून जाड पट्टी वेल्ड केली, कारण ते गाडीचे अंग आहे, स्टिअरिंगचे हाड नव्हे. हा भेद करता येणे यालाच आम्ही कारागिरी म्हणतो.

अखंड आयडलर रांचीत मिळेना. घाटकोपरला राहणारे आमचे मेहुणे दोन रविवार कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडले. तिसऱ्या रविवारी त्यांना एक न वापरलेला, तेलकट कागदात गुंडाळलेला नग सापडला. तो लोकमान्य टिळक टर्मिनसहून हटियास येणाऱ्या एक्स्प्रेसने, एका स्नेह्यांच्या पिशवीत, भाकरवडीच्या पुड्याखाली बसून आला. भाकरवडीस ग्रीसचा किंचित वास होता. ती तरीही संपली.

बसविताना प्रत्येक नटाला नवी कॉटर पिन घातली. जुनी सरळ करून पुन्हा वापरू दिली नाही. बॉक्स उस्तादांनी सैल करून पूर्ववत केला. पुढची चाके अधांतरी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांनी फिरते की नाही, हे पाहिले. मग गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणून चाकांची ठेवण लावली. दोरीचे हे काम पाहण्यास अर्धी गल्ली जमली होती.

पंधरा दिवस गाडी धुर्व्याच्या मोकळ्या रस्त्यांवरच चालविली. नंतर एका सकाळी चुटूपालूस गेलो. यावेळी मुलीला आणि सौ.ना घरी ठेवले होते. मागे धाकटे बंधू बसले, आम्ही न बोलावता. त्या डाव्या वळणावर आम्ही पाव फेरा घेतला आणि वळण सरताच हात उघडे धरले. चाक तळहातांना घासत आपले आपण सरळ झाले. बंधूंनी मागून मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. अण्णा पायांखालच्या पत्र्याकडे कान देऊन बसले होते. रामगढ येईपर्यंत ते तसेच होते. मग म्हणाले, "वाजत नाही."

गाडी बाहेर फाटकापाशी उभी आहे. जुना आयडलर आम्ही सोबत आणला असून तो या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी तो अवश्य हाती घ्यावा. खुंटीवरून बोट फिरविले की झीज लागते. मापाचे आकडे अण्णांकडे आहेत. ते पहिल्याच रांगेत बसले आहेत आणि आमचे काही चुकले असल्यास आता उठून सांगतील.