डॉ. सांकलिया, डेक्कन कॉलेज आणि आपल्या गावची पांढर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज प्रत्येकाने एका शिक्षकाविषयी बोलावे, असे ठरले आहे. आपल्या गुरुजनांविषयी बाकीचे मित्र बोलणारच आहेत. मी अशा एका प्राध्यापकांविषयी बोलणार आहे, ज्यांनी आपल्या शाळेत कधी पाऊल ठेवले नाही. पण गावाबाहेरच्या टेकाडाकडे कसे पाहायचे, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला शिकवले. ते म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सरांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि तिकडे असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर प्रत्यक्ष कामही केले. १९३४ साली बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच वर्षी सर तिथे रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

सर आले तेव्हा सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात काय होते, हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. सर नद्यांच्या काठाने हिंडले. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावी त्यांनी डॉ. शां. भा. देव यांच्याबरोबर उत्खनन केले. लाल रंगाची, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी सापडली. त्यांचे खापर टिचकीने वाजवले तर खणखणीत वाजते. त्या लहानशा गावाच्या नावाने आज जोर्वे संस्कृती ओळखली जाते. नाशिक, नेवासे, नर्मदेकाठचे नावडातोली अशी उत्खनने होत गेली.

सरांचे मोठेपण मला विशेष जाणवते ते विभाग उभा करण्यात. विद्यार्थ्यांना ते एकेक जिल्हा वाटून देत आणि तो पायी पालथा घालायला लावत. जळालेले धान्य ओळखणारा, जनावरांची हाडे तपासणारा, मातीचा अभ्यास करणारा, असे निरनिराळ्या शास्त्रांचे जाणकार त्यांनी एका छपराखाली आणले. सोने-नाणे शोधायला निघालेला माणूस राख फेकून देतो. या विभागात राख चाळली जाई.

त्याचे फळ इनामगावला दिसले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ मध्ये सुरू झालेले हे काम बारा हंगाम चालले. सरांबरोबर डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी होते. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे अख्खे गाव तिथे उजेडात आले. चुली, बळदे, पाण्याचा पाट, पिकवलेले सातू. लहान मूल दगावले, तर दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ते घराच्याच जमिनीखाली पुरत. पुढे पाऊस उणावला, शेती आटली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर जास्त विसंबू लागले, असे ढवळीकर सरांनी मांडले. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला ही कहाणी परकी वाटू नये.

मित्रांनो, हे सगळे आजच का सांगतोय? डेक्कन कॉलेजच्या याच मंडळींनी पैठणजवळ, ज्ञानेश्वर माउलींच्या आपेगावात उत्खनन केले आणि तिथेही जोर्वे संस्कृतीची वस्ती मिळाली. तीच गोदावरी पुढे आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे येते. आपल्या बोलण्यात काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती साचून ही पांढर झालेली असते. तीच माती आपण माळवदावर टाकली, शेतात खत म्हणून पसरली. पूर्वी टोपल्याने जायची, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर लागतात. टोपल्याने शंभर वर्षांत जेवढे गेले नसेल, तेवढे दोन दिवसांत जाते.

पाहुणे आले की आपण चारठाण्याची देवळे दाखवतो, धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर दाखवतो. दाखवायलाच हवीत. पण देऊळ पडले तर त्याचे दगड तरी उरतात. पांढर उपसली की तिच्यातला क्रम कायमचा मोडतो. कोणते खापर कोणत्या थरात होते, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक विनंती करतो. आपल्यातले कितीतरी जण आज सरपंच आहेत, शिक्षक आहेत, काहींची स्वतःची यंत्रे आहेत. आपापल्या गावची पांढर कुठे आहे, याची नोंद शाळेच्या मुलांकडून करून घ्या. जुने खापर, विटा, नाणी दिसली तर जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

सरांना आदरांजली वाहायची तर हार-फुलांपेक्षा हे काम मोठे ठरेल. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या पांढरीची खबर आणावी, एवढे सांगून थांबतो.