आजारी घराची सुट्टी



या व्यासपीठावरून आपण आजवर राज्यकारभार, तत्त्वज्ञान, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकली आहेत. मी आज बोलणार आहे तो विषय आहे 'सुट्टी'. चिटणीसांनी विषय विचारला आणि माझे उत्तर ऐकून ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार, असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ही सुट्टी निराळी आहे. ज्या घरात एखादे मूल कायमचे आजारी असते, त्या घराला सुट्टी कोणी द्यायची, आणि कोणी देऊ केली तर ती घ्यावी काय, असा माझा प्रश्न आहे. तो मला पुस्तकात भेटला नाही, घरातच भेटला.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. त्यांना पहिला मुलगा, आणि त्याच्यामागून चार वर्षांनी मुलगी. या नातीला जन्मापासूनच स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक विकार आहे. बुद्धी तल्लख, डोळे बोलके. पण तिला उभे राहता येत नाही आणि घास गिळता येत नाही. पोटाला बसवलेल्या नळीतून तिला अन्न द्यावे लागते. घशात साचलेला कफ तिला खाकरून काढता येत नाही, म्हणून तो यंत्राने ओढून काढावा लागतो. रात्री श्वासाला मदत म्हणून तोंडावर मुखवटा आणि उशाशी यंत्र असते. मुखवटा जरा सरकला की यंत्राची घंटा वाजते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा त्या घंटेने एका रात्रीत तीन वेळा दचकून उठलो. सकाळी मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, काल तर तीनदाच वाजली."

अशा घरात कॅलेंडरावर सुट्ट्या छापलेल्या असतात, एवढेच. मुलीने नोकरी सोडली होती. जावई नोकरी सोडू शकत नव्हता, कारण तिकडे औषधोपचाराचा विमा बहुधा नोकरीबरोबर येतो. आणि नातू? तो दहा वर्षांचा मुलगा इतका शहाणा झाला होता की, मला त्याची भीती वाटे. एकदा त्याला ताप होता. तो त्याने दोन दिवस कोणाला सांगितला नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "आईला आणखी एक काम नको." बंधुभगिनींनो, पोरवयात आलेले हे शहाणपण काही आरोग्याचे लक्षण नव्हे.

2018 च्या अखेरीस इस्पितळातील समाजसेविकेने मुलीला सुचवले की, गंभीर आजारी मुलांची एखादी इच्छा पुरी करणारी एक संस्था आहे. तिच्याकडे तुमच्या मुलीचे नाव कळवू का? हे ऐकून मुलगी घरी आली ती रडतच. तिला वाटले, डॉक्टर आपल्याला जे तोंडाने सांगत नाहीत ते असे आडून सांगत आहेत. पोरीचे दिवस भरत आले आहेत. तो गैरसमज होता. आरंभी या संस्था मृत्युपंथाला लागलेल्या मुलांसाठीच निघाल्या, हे खरे. पण आज मूल गंभीर आजाराशी झगडत असले की पुरे. आणि अशी इच्छा पुरी झालेली पुष्कळ मुले पुढे मोठी होतात.

ही भीती गेल्यावर दुसरी अडचण उभी राहिली, आणि ती मोठी होती. मुलगी मला म्हणाली, "बाबा, आम्ही काही अन्नाला महाग नाही. मग दुसऱ्याचं दान का घ्यायचं?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? माझे वडील वार लावून शिकले. सात वारांना सात घरी जेवले. ते सांगत, अन्नाला नाव ठेवण्याजोगे काही नव्हते. पण पानावर बसताना मान आपोआप खाली जाई. एकच घर असे होते की, तिथली बाई त्यांना दारातच दटावायची, "इतका उशीर? पानं वाढून झाली की!" त्या घरी मात्र मान खाली जात नसे. ही आठवण मी मुलीला सांगितली आणि म्हटले, ते घर कोणत्या जातीचे आहे, ते आपण जाऊन पाहू.

आता या संस्थांचा थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेतील फीनिक्स शहरात क्रिस ग्रीशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता. त्याला पोलीस व्हायचे होते. 29 एप्रिल 1980 रोजी ॲरिझोना राज्याच्या पोलीस खात्यातील माणसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवले आणि मानद शिपाई करून घेतले. त्याच्या मापाचा गणवेषही शिवून दिला. 3 मे रोजी तो वारला. त्या मंडळींनी आणि त्याच्या आईने मिळून त्याच वर्षी 'मेक-अ-विश' ही संस्था काढली. पुढे मुलांच्या मनात काय असते हे विचारू लागल्यावर असे दिसले की, फ्लॉरिडातील ऑरलँडोजवळची डिस्नेची करमणूक नगरी पाहायची, हे उत्तर वारंवार येते.

तिथेच हेन्री लँडवर्थ नावाचे गृहस्थ हॉटेले चालवीत. जन्म 1927, बेल्जममधील ॲन्टवर्पचा. यहुदी असल्यामुळे नाझींच्या छळछावण्यांत त्यांची कुमारवयातील वर्षे गेली. आईबाप मारले गेले. पुढे ते अमेरिकेत आले आणि हॉटेलात हलक्या कामापासून सुरुवात करून वर चढले. आजारी मुलांच्या कुटुंबांना ते आपल्या हॉटेलात फुकट खोल्या देत. 1986 साली एमी नावाच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी अशीच एक खोली राखून ठेवली होती. खोली तयार होती; पण विमानाची तिकिटे, प्रवेशपत्रे आणि बाकीची जुळवाजुळव होईपर्यंत इतके दिवस गेले की, एमी त्याआधीच वारली. खोली रिकामी राहिली.

दान पुष्कळ होते, वेळेवर नव्हते. लँडवर्थ यांच्या मनाला हे लागले. असे पुन्हा होता कामा नये, म्हणून त्यांनी किसिमी या गावी अशा कुटुंबांसाठी एक वेगळी वसाहतच उभारली. तिचे नाव 'गिव्ह किड्स द वर्ल्ड'. आज तिथे दीडशेहून अधिक घरे आहेत. कुटुंब आठवडाभर राहते. राहणे, जेवण, करमणूक नगरीतील प्रवेश, कशालाही पैसा पडत नाही. बहुतेक कामे स्वयंसेवक करतात. लँडवर्थ 2018 मध्ये वारले. ज्याला स्वतःला बाळपण मिळाले नाही, त्याने ते हजारो मुलांना वाटले, यापेक्षा मी अधिक काही बोलत नाही.

2019 च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. मलाही त्यांनी बरोबर नेले. अशा मुलाला घेऊन विमानात बसणे म्हणजे लहानसे इस्पितळ हलवणे आहे. विमानातील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी तासन् तास बसल्यासारखे. निरोग्याला ते कळत नाही, दुबळ्या फुप्फुसांना कळते. म्हणून डॉक्टरांची परवानगी, प्राणवायूचे यंत्र, जादा बॅटऱ्या, कफाचे यंत्र, नळीतून द्यायचे अन्न आणि औषधांची यादी असे सारे सामान बरोबर होते. संपूर्ण प्रवासात मुलीचे डोळे बोटाला लावलेल्या मोजणीयंत्राच्या आकड्यावरून हलले नाहीत.

वसाहतीत पोहोचलो आणि मी पहिली गोष्ट पाहिली ती ही की, माझ्या नातीकडे कोणी वळून पाहिले नाही. दुकानात, बागेत, रस्त्यावर लोक त्या नळ्यांकडे पाहतात, मग नजर चुकवतात. इथे प्रत्येक घरापुढे चाकांची खुर्ची होती. जे सगळ्यांकडे असते त्याचे कोणाला नवल वाटत नाही. दुसरी गोष्ट, खोलीत भेटवस्तू होत्या त्या दोन, एक नातवासाठी. आणि जेवणघरात आमची ताटे टेबलापर्यंत स्वयंसेवकांनी वाहून आणली, कारण आईबापांचे हात मुलांत गुंतलेले असतात, हे त्यांना ठाऊक होते. आम्हाला कोणी मिळकत विचारली नाही, आजाराची कहाणी विचारली नाही, आभाराचे भाषण मागितले नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. ते वाराचे घर कोणत्या जातीचे, ते आम्हा दोघांनाही कळले होते.

तिथे सकाळीच आइस्क्रीम खाण्याची मुभा आहे. नातीला गिळता येत नाही; तिच्या आईने थोडेसे बोळ्याने तिच्या ओठांना लावले. थंडपणाने तिने डोळे मिचकावले आणि पुन्हा हवे म्हणून भुवया उडवल्या. फिरत्या घोड्यांच्या चक्रावर चाकांची खुर्ची सरळ चढवता येते. भाऊबहीण जन्मात प्रथमच एकाच खेळात शेजारी बसली. आणि तिसऱ्या दिवशी नातवाने दुकानात एका तलवारीसाठी हट्ट धरला, पाय आपटले, रुसून बसला. जावई रागावणार तोच मुलगी म्हणाली, "असू दे. करू दे त्याला हट्ट." त्या मुलाला आपण दहा वर्षांचे आहोत, हे त्या दिवशी आठवले.

सारेच गोड झाले असे मात्र नाही. चौथ्या दिवशी नातीला ताप भरला, कफ वाढला. ठरवलेली सहल बुडाली आणि सबंध दिवस खोलीत यंत्रापाशी गेला. जावयाला फार वाईट वाटले. आजार काही रजा घेत नाही. संस्था कितीही चांगली असली तरी आजाराला ती रजेवर पाठवू शकत नाही. पण त्या रात्री मी आणि जावई आळीपाळीने जागलो आणि मुलगी सात तास झोपली. सकाळचा स्वयंपाक नव्हता, धुणे नव्हते, विमा कंपनीला फोन नव्हता, म्हणून ती झोपू शकली. तिच्यापुरती ही झोप म्हणजेच खरी सुट्टी होती. निघण्यापूर्वी प्रत्येक मूल एका सोनेरी चांदणीवर आपले नाव लिहिते आणि ती तिथल्या एका इमारतीच्या छताला लावतात. मान वर करून मी ते छत पाहिले. त्यातली किती मुले आज हयात आहेत, हा प्रश्न मनात आला. तो मी तिथे कोणाला विचारला नाही.

आता एक आक्षेप आहे, आणि तो क्षुद्र नाही. 2013 साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने लिहिले की, एका मुलाची इच्छा पुरी करायला सरासरी साडेसात हजार डॉलर लागतात. तेवढा पैसा गरीब देशांत मच्छरदाण्या वाटण्यास दिला, तर हिवतापापासून दोन-तीन मुलांचे प्राण वाचतील. मग मौज आधी की प्राण? हिशेब म्हणून त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. ज्याच्या खिशात एकच नाणे आहे त्याने ते औषधालाच द्यावे, असे मीही म्हणेन. परंतु 'मौज' हा शब्द मात्र मला मान्य नाही. 2018 मध्ये ओहायोतीलच कोलंबस येथील बाल-रुग्णालयातल्या संशोधकांनी, इच्छा पुरी झालेली 496 मुले आणि तशाच आजाराची, पण इच्छा पुरी न झालेली तितकीच मुले यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या गटातील मुलांना अचानक इस्पितळात दाखल करण्याचे प्रसंग बरेच कमी आढळले. एवढ्यावरून सुट्टी हेच औषध, असे सिद्ध होत नाही. पण ती निव्वळ चैन नाही, एवढे म्हणता येते. जी आई वर्षानुवर्षे रात्रीची परिचारिका आहे, तिची विश्रांती हा त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे 1982 साली 'हेलन हाउस' निघाले ते याच जाणिवेतून. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी हेलन नावाच्या एका अतिशय आजारी मुलीला मधून मधून आपल्याकडे ठेवून घेतले, आईबापांना थोडा विसावा मिळावा म्हणून. त्यातून ती संस्था झाली.

आपल्याकडे काय? हवापालट हा शब्द आपलाच आहे. क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला आणि मिरजेला पाठवीत, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा मिळतो. 2006 पासून मुंबईत सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत फुकट राहायला जागा देतात. मेक-अ-विशचे कामही मुंबईत 1996 पासून चालू आहे. म्हणजे रोग्यासाठी आपण काहीच करीत नाही असे नाही. आपल्या नजरेतून सुटते ते रोग्याशेजारी जागणारे माणूस, आणि त्या घरातले न रडणारे दुसरे मूल.

त्यासाठी वसाहत बांधायला हवी असे नाही. आपल्या आळीत असे एखादे घर असेलच. त्यांना "काही लागलं तर सांगा" असे म्हणू नका. ते कधीच सांगणार नाहीत. रविवारी चार तास मी तुमच्याकडे येऊन बसतो, तुम्ही दोघे बाहेर जाऊन या, असे वार ठरवून सांगा. आधी त्यांच्याकडून यंत्र कसे चालते, कफ कसा काढतात, कोणाला फोन करायचा, हे शिकून घ्या. नुसत्या सद्भावनेवर कोणी आपले मूल सोपवीत नाही. धाकट्याला सर्कशीला नेताना थोरल्याचे नाव विसरू नका. आणि जे करायचे ते या आठवड्यात करा. एमीची खोली रिकामी राहिली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, उशिरामुळे.

माझी नात आज शाळेत जाते, चाकांच्या खुर्चीतून. आजार गेलेला नाही. घंटा अजून वाजते. परंतु त्या सुट्टीनंतर माझ्या मुलीने एक गोष्ट सुरू केली. शेजारची एक बाई दर बुधवारी दोन तास येते, आणि मुलगी तिला येऊ देते. पूर्वी ती नको म्हणत असे. देणाऱ्याने कसे द्यावे हे आपण संतांपासून ऐकत आलो आहोत. घेणाऱ्याने मान ताठ ठेवून घ्यावे, हे मी या वयात माझ्या मुलीकडून शिकलो.