साने गुरुजी : कादंबरीकार आणि पत्रकार

सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापीकाठची आगगाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे ही स्थानके मागे टाकून अमळनेरास येते. आज नंदुरबार हे १९९८ साली निर्माण झालेल्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे आणि अमळनेर जळगाव जिल्ह्यात मोडते. इंग्रजी अमलातही पहिले गाव पश्चिम खानदेशात व दुसरे पूर्व खानदेशात होते. परंतु सरकारी नकाशाने केलेले हे दोन भाग लोकांच्या मनाने कधी फारसे मानले नाहीत. या विस्तीर्ण, काळ्या मातीच्या मुलखात कोकणातून एक तरुण शिक्षक आला, आणि पुढे खानदेशची सुखदुःखे हाच त्याच्या लेखणीचा विषय झाला. तो शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना ‘साने गुरुजी’ म्हणून ओळखतो.

‘श्यामची आई’ या एका पुस्तकाच्या प्रकाशात गुरुजींचे दुसरे कार्य झाकले गेले आहे. ते पत्रकार होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते; ठाऊक असली तर तो त्यांच्या चरित्रातील एक जोडधंदा समजला जातो. वस्तुतः गुरुजींचा कादंबरीकार आणि गुरुजींचा पत्रकार यांचा जन्म एकाच खोलीत झाला.

ती खोली अमळनेरच्या छात्रालयातील होती. २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे जन्मलेले गुरुजी दारिद्र्याशी झगडत शिकले. १९१७ साली आई निवर्तली. पुण्यास उच्च शिक्षण घेऊन ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथील कोरड्या चर्चेत त्यांचे मन रमले नाही आणि १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. आईवेगळ्या झालेल्या या माणसाने घरापासून दूर राहणाऱ्या मुलांची आई व्हावे, हे स्वाभाविकच होते. या मुलांसाठी ते एक दैनिक काढीत. त्याला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, जाहिराती नव्हत्या. संपादक, लेखक आणि लेखनिक एकच होता. गुरुजी ते स्वहस्ते लिहीत आणि मुले ते वाचीत. देशातील घडामोडी, थोरांच्या गोष्टी, छात्रालयातील गुणदोष असे सारे त्यात येई. वाचक समोर आहे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्या शब्दाने त्याचे काही बरे झाले पाहिजे, ही जाणीव तेथे त्यांच्या हाडीमासी खिळली.

१९३० साली कायदेभंगाच्या हाकेसरशी त्यांनी शाळा सोडली. पुढची वर्षे तुरुंगांत गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सोबत्यांशी परिचय झाला आणि तिरुवल्लुवरांच्या ‘कुरल’चे मराठी रूपांतर त्यातून निघाले. १९३२ मध्ये पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे असलेल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले. अशी १८ प्रवचने झाली आणि ती गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज घरोघर आहे. त्याच्या पाठीशी एका तत्पर वार्ताहराची धावती लेखणी आहे, हे मात्र विसरले जाते. ऐकलेला शब्द तोलून, न सांडता दुसऱ्याच्या हाती देणे ही वृत्तपत्रकाराची पहिली विद्या होय.

आणि मग नाशिकचा तुरुंग. १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, दिवसाचे नेमलेले काम सांभाळून गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तिची रचना पाहण्याजोगी आहे. प्रकरणांना तेथे ‘रात्र’ म्हटले आहे आणि अशा ४२ रात्री आहेत. संध्याकाळी सोबती जमतात, श्याम एक आठवण सांगतो, उद्याची ओढ लावून थांबतो. हा घाट छात्रालयातून आला आहे. रोज थोडे, रोज नवे, आणि समोर तीच मुले! ‘श्याम’, ‘धडपडणारी मुले’, ‘आस्तिक’, ‘क्रांती’ यांसारख्या इतर कथा-कादंबऱ्यांतही हा निकटचा स्वर ऐकू येतो.

१९३६ अखेर खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्याचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. मुंबईस तेव्हा काँग्रेसचेच मंत्रिमंडळ अधिकारारूढ होते. तरीही पीक बुडालेल्या शेतकऱ्यांचा सारा माफ व्हावा म्हणून गुरुजी झगडले. गिरणीकामगारांच्या बाजूने उभे राहिले. पत्राचे नाव पक्षाचे, निष्ठा मात्र दुःखिताशी. आपल्या माणसांचे राज्य असताना त्यांनाच अप्रिय सत्य ऐकवणे, ही पत्रकाराची खरी कसोटी असते.

गुरुजींच्या लेखनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात अश्रू फार, असे रसिक म्हणतात. आक्षेप अगदीच खोटा नाही. त्यांच्या कादंबऱ्यांची वीण सैल आहे, पात्रे पुष्कळदा लेखकाच्याच तोंडाने बोलतात. परंतु एवढ्यावर निकाल देणाऱ्याने त्यांची साप्ताहिकेही उघडावीत. कादंबरीत जो कळवळा डोळ्यांवाटे वाहतो, तोच वृत्तपत्रात सारामाफीची मागणी होऊन उभा राहतो. केवळ रडून मोकळे होणाऱ्याची भावुकता वेगळी, आणि डोळे पुसून कामाला लागणाऱ्याची वेगळी.

ज्यांच्यासाठी हे लेखन होते, ती पिढी पुढे कशी निघाली? ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला. शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. त्या आंदोलनात गुरुजी भूमिगत राहून काम करीत होते. १९४३ मध्ये ते पकडले गेले. मुलांना गोष्टी सांगणाऱ्याला मुलांचे असे मरण ऐकावे लागावे, याहून कठोर प्रसंग कोणता?

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १० दिवस उपोषण केले. गांधीजींच्या वधानंतर १९४८ मध्ये प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी ‘कर्तव्य’ हे अल्पजीवी दैनिक आणि १५ ऑगस्ट रोजी ‘साधना’ साप्ताहिक त्यांनी काढले. पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ ‘साधने’तूनच वाचकांना मिळाली. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून स्फुरलेली ‘आंतरभारती’ची कल्पनाही याच काळातील. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याचे हृदय जाणावे, हा तिचा आशय. तुरुंगात कुरल मराठीत आणणाऱ्याला ती सुचावी, यात नवल नाही.

परंतु मन थकत चालले होते. स्वातंत्र्य आले आणि द्वेषही उरला, हे त्या कोमल मनास सोसवले नाही. ११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे ५०. ज्याने हजारोंना धीर दिला त्याचा धीर खचत असताना भोवतालच्यांना तो सावरता आला नाही, ही हळहळ महाराष्ट्राच्या मनातून गेलेली नाही. इतरांना देत राहणाऱ्या माणसालाही कोणी काही द्यावे लागते, हा धडा त्यांच्या मरणातून घ्यावयाचा. मरणाचे अनुकरण नव्हे.

‘साधना’ त्यांच्यामागे चालू राहिली. ‘श्यामची आई’वरील आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. पण गुरुजींचे खरे स्मारक त्या हस्तलिखित दैनिकातच शोधावे लागेल. ज्याची एकच प्रत निघे, त्या पत्राचा संपादक आपल्या प्रत्येक वाचकाला नावाने ओळखत होता. पुढे वाचक लक्षावधी झाले. गुरुजी मात्र अखेरपर्यंत छात्रालयातील त्याच एका मुलासाठी लिहीत राहिले.