मुलांच्या मनाचाही दवाखाना हवा



पोराला ताप आला तर आपण लगेच डॉक्टर गाठतो. पण तेच पोर रात्र-रात्र जागू लागले, घुम्यासारखे कोपऱ्यात बसू लागले, की आपण दृष्ट काढतो किंवा "नाटक करतोय" म्हणून दटावतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षांच्या मुलांत शेकडा सुमारे 7 जणांना मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार जण!

दुआ जरूर मागावी, पण दवाही करावी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि मुलांसाठीच्या सेवेची तरतूदही केली आहे. परंतु उपचारासाठी कोल्हापूर गाठायचे, तर आईची रोजंदारी बुडते. दोन खेपांनंतर उपचार सुटतो.

म्हणून आपण एकमुखाने मागावे की, कोडोलीच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी मुलांसाठी मनोविकारतज्ज्ञ बसावेत, आणि प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाला ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग निघाले, ते मुलांची अडचण ओळखूनच. आजची ही अडचणही आपण ओळखली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, 14416 हा 'टेलि-मानस'चा मोफत नंबर वहीत लिहून ठेवा. 2022 साली सुरू झालेल्या या सेवेत रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.