अमेरिकेची रीतभात आणि वऱ्हाडचे पाहुणे



अमेरिका म्हटली की वऱ्हाडातल्या माणसाला ती सातासमुद्रापलीकडची वाटते. पण तिचे आणि आपले नाते तसे जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. आता हे नाते कापसाचे राहिले नाही, लेकराबाळांचे झाले आहे. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतला मुलगा नाहीतर मुलगी तिकडे शिकावयास किंवा नोकरीस आहे, आणि लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आईबापही चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. म्हणून तिकडच्या उंच इमारतींचे वर्णन आज करावयाचे नाही. माणसांच्या वागण्याविषयी बोलावयाचे आहे.

नवख्या माणसाची गाडी अडते कुठे? पुष्कळांना वाटते, खाण्यात आणि कपड्यांत. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या जून महिन्यात न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या. अन्न शाकाहारीच ठेवले. थंडी सोसेना तेव्हा नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या, पण साडी सोडली नाही. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाला डॉक्टरची पदवी घेतली. त्यांची प्रकृती पुढे ढासळली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. परंतु रीतभातीपायी त्या अडल्या नाहीत. जे डोळ्यांना दिसते, त्याच्यातून माणूस वाट काढतो. आणि आनंदीबाईंना तर घरात विचारायला एक मायेचे माणूस होते.

खरी पंचाईत होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत. आपल्याकडच्या पंगतीचेच घ्या. वाढणारा म्हणतो, "घ्या न जी, अजून एक पोळी." पाहुणा म्हणतो, "नाही जी, झालं." हे 'नाही' खरे नसते हे वाढणाऱ्यालाही माहीत असते आणि पाहुण्यालाही. दोनदा, तीनदा आग्रह झाला म्हणजे मग पोळी ताटात पडते. आता हाच आपला मुलगा अमेरिकन घरी जेवायला जातो. ते एकदा विचारतात, हा सवयीने "नको" म्हणतो, आणि भांडे पुढच्या माणसाकडे जाते. मुलगा अर्धपोटी घरी येतो आणि आईला फोनवर सांगतो की माणसे मोठी कोरडी आहेत. वास्तविक त्या माणसांनी त्याचा मान ठेवलेला असतो! तुमच्या पोटाचे तुम्हाला कळते, तुम्ही नको म्हणालात तर ते खरेच असेल, असा तो हिशेब आहे. उलट आपण अमेरिकन पाहुण्याला तीनदा वाढायला गेलो तर तो गोंधळतो. आपल्या शब्दावर या लोकांचा विश्वास नाही की काय, असे त्याला वाटते. दोन्ही घरी पाहुण्याविषयी आदर आहे. तो दाखवण्याची तऱ्हा तेवढी उलटी आहे.

मग तिकडचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा घ्यावा काय? तसेही नाही. रस्त्याने जाणारा शेजारी हसून "हाऊ आर यू" म्हणतो. आपले वडीलधारे थांबतात आणि गुडघेदुखीपासून सांगू लागतात. शेजारी तोवर चार पावले पुढे गेलेला असतो. तो आपला रामराम आहे, विचारपूस नव्हे. "एकदा जेवायला भेटू या" हेही तसेच. दिवस आणि वेळ ठरली म्हणजे ते निमंत्रण, तोवर नुसती गोड बोली. यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. "या कधी घरी" असे आपण बसस्टँडवर किती जणांना म्हणतो?

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. १८६२ साली लिंकनच्या कारकिर्दीत तिकडे एक कायदा झाला. सरकारी जमिनी राज्यांना देऊन त्यांच्या उत्पन्नातून शेतीची आणि यंत्रविद्येची कॉलेजे काढावी, असा तो कायदा. कॉर्नेल विद्यापीठ त्यातलेच. अमरावतीला शाळा शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढे ज्यांनी ज्ञानकोश केला ते, १९०६ मध्ये अमेरिकेस गेले आणि या कॉर्नेलमधून १९११ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. त्यांनी अभ्यासाला विषय कोणता घेतला? आपल्याच देशातली जातिसंस्था. परक्या गावी बसून आपले घर तपासावयाचे, आणि तेही गुरूसमोर स्वतःचे मत मांडून, ही तिथली शिकण्याची पद्धत.

आपल्याकडे १९६० नंतर जी कृषी विद्यापीठे निघाली, ती याच कॉलेजांच्या धर्तीवर. अकोल्याचे विद्यापीठ १९६९ चे. शिवार फेरीला गेलेला शेतकरी धुऱ्यावर उभा राहून प्राध्यापकाला सरळ विचारतो, "साहेब, बोंडअळीवर हे चालत नाही, काहून?" प्राध्यापकाला त्याचा राग येत नाही. अमेरिकेतल्या वर्गात रोज हेच चाललेले असते. तिथे प्रश्न विचारणारा, गुरुजींचे म्हणणे खोडून काढणारा मुलगा उद्धट ठरत नाही. मान खाली घालून बसणारा आपला गुणी मुलगा मात्र अभ्यास न करता आलेला समजला जातो.

याहून मोठा धोका दुसराच आहे. पुस्तकातला उतारा शब्दशः लिहिला तर आपण इथे शाबासकी देतो. तिकडे मूळ लेखकाचे नाव न सांगता चार ओळी उतरवल्या तर ती चोरी धरतात, आणि त्यापायी मुलाला विद्यापीठातून काढूनही टाकू शकतात. कर्ज काढून, प्रसंगी वावर गहाण टाकून पाठवलेल्या मुलावर ही पाळी यावी काय? नवव्या-दहाव्या इयत्तेपासून "तुझ्या शब्दांत लिही, आणि कुठून घेतलेस ते सांग" एवढे आपण म्हटले तरी पुष्कळ होईल.

तिकडचे सगळेच चांगले आहे असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. इथे जी बरोबरी नाकारली गेली होती ती त्यांना तिथे मिळाली. पण त्याच वर्षांत त्याच देशाच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना शाळा वेगळी आणि आगगाडीचा डबाही वेगळा होता. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ पर्यंत तिकडे राहिल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तिथल्या स्त्रियांचे शिक्षण आणि त्यांच्या संस्था यांचे त्यांनी तोंडभर कौतुक केले, आणि काळ्या लोकांना व मूळच्या रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोटही ठेवले. माझ्या मते परदेशी जाणाऱ्या मुलाने सामानाची यादी करण्याआधी हे पुस्तक वाचावे.

आता आईबापांकडे वळू. घरात पाऊल टाकताच सासूबाईंना दिसते की जावई भांडी घासतो आहे. तिकडे घरगडी परवडत नाही, आणि आपले काम आपण करण्यात कमीपणाही नाही. नातवाने पाणी घेऊन "थँक्यू आजी" म्हटले तर तो आपल्याला परके मानतो असे समजू नये. त्याला शाळेत तसेच शिकवले आहे. शेजाऱ्याला पगार, वय, लग्न विचारू नये. दुसऱ्याचे लेकरू कितीही गोड दिसले तरी त्याच्या आईला विचारल्याशिवाय उचलू नये.

आणि नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. सुगीनंतर देवाचे आभार मानावयाचे आणि सगळ्या घराने एकत्र जेवावयाचे, असा तो सण. त्या दिवशी एकट्या पडलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही पुष्कळ घरी बोलावतात. मुख्य पदार्थ टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याचा असतो, म्हणून आपण मांस खात नाही हे आधीच कळवावे, म्हणजे वेगळे काही करून ठेवतात. लाल भोपळ्याचा गोड पदार्थ असतो, त्यात बहुधा अंडे घातलेले असते, तेही विचारून घ्यावे. येताना काय आणू, असे विचारण्याची तिथे पद्धत आहे. आणि रताळ्याचे भांडे समोर आले, भूक असली, तर पहिल्याच वेळी हो म्हणावे.